हलकी रेल्वे कशी आखतात, आणि चिचगडला त्याचं काय?

मंडळी, चिचगडमध्ये बसून शहरी रेल्वेबद्दल का बोलायचं? आपल्या गावात ती येणार नाही, हे उघड आहे. पण दवाखाना, कॉलेज, हायकोर्ट यांसाठी आपण नागपूरला जातो. तिथला शेवटचा तास सोपा जाईल की अवघड, हे त्या आखणीवर ठरतं.

आखणी सुरू होते एका आकड्यापासून: गर्दीच्या तासात, एका दिशेने किती माणसं जातात? समजा, एका गाडीत ३०० माणसं मावतात आणि दर ४ मिनिटांनी गाडी सुटते. तासाला १५ गाड्या, म्हणजे ४,५०० माणसं. तेवढीच माणसं ५० जणांच्या एसटीने न्यायची, तर ९० गाड्या लागतील. केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट', म्हणजे हलक्या रेल्वेसाठी मानकं काढली, ती तासाला १५,००० पर्यंतच्या गर्दीसाठी. त्याहून जास्त गर्दी असेल तर मेट्रो, फार कमी असेल तर बसच बरी.

हा आकडा चुकला तर काय होतं? पैसा अडकतो. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी रुपये, लांबी सुमारे ३८ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या वर. नाशिकसाठी रबरी चाकांच्या 'मेट्रो निओ'चा प्रस्ताव होता. ३३ किलोमीटरला सुमारे २,१०० कोटी, म्हणजे किलोमीटरला साधारण ६४ कोटी. गाडी हलकी असली की खांब आणि पाया हलका होतो. हलकी रेल्वे जमिनीवरूनही नेता येते, खर्च आणखी उतरतो. पण मग रस्त्याची रुंदी जाते आणि चौकात सिग्नल सांभाळावा लागतो.

म्हणूनच २०१७ च्या मेट्रो धोरणात, आधी सगळे पर्याय तपासा, अशी अट आहे. दुसरी अट आपल्या कामाची: स्थानकाच्या दोन्ही बाजूंना ५ किलोमीटरपर्यंत जोडवाहतुकीची सोय हवी.

आता आपला रस्ता बघा. चिचगडहून देवरी, तिथून महामार्ग ५३ ने साकोली, लाखनी, भंडारा आणि नागपूर. नागपूर मेट्रोची पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये धावली, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. तिचं पूर्वेचं टोक प्रजापती नगर, भंडारा रोडच्याच बाजूला. दुसऱ्या टप्प्यात ही मार्गिका साधारण साडेपाच किलोमीटर पुढे, ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत न्यायची आहे.

म्हणजे आपली एसटी आणि ही मेट्रो एकाच रस्त्यावर भेटणार. पण एसटीचा थांबा मेट्रोच्या जिन्यापाशी नसेल, तर पेशंटला घेऊन उतरलेल्या माणसाला ऑटोच करावा लागेल. कोट्यवधींच्या मार्गिकेचा उपयोग त्या शंभर-दोनशे पावलांवर अडतो. तो थांबा कुठे हवा, हे आपण आत्ताच, बांधकाम संपण्याआधी विचारायला हवं.