तक्रारींनी शिवलेली पँट

नेवाडातल्या रेनो या रेल्वेच्या गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मूळचा रीगाचा. तंबू, घोड्यांच्या झुली, गाड्यांवरची आच्छादनं असलं जाडंभरडं काम तो करायचा. १८७० साल सरता सरता एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवरा अंगाने दांडगा, कामावर जायला त्याच्याकडे धड पँट उरली नव्हती. शिवून द्या, पण टिकेल अशी द्या, असं तिचं म्हणणं. डेव्हिसने तीन डॉलर आगाऊ घेतले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसच्या पेढीतून आणलेलं डक नावाचं पांढुरकं जाड कापड बेतलं. झुलींचे पट्टे पक्के करायला लागणारे तांब्याचे रिव्हेट टेबलावर पडले होते. त्यातले काही त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकून दिले.

खिसा कोपऱ्यातच का फाटतो, हे एकदा कळलं की पँट विकत घेण्याची निम्मी अक्कल आली. हात आत जाताना आणि मुठीसह बाहेर येताना खिशाचं तोंड ताणलं जातं आणि तो सगळा ताण शिवणीच्या शेवटच्या दोन-चार टाक्यांवर येतो. एक टाका सुटला की पुढच्यावर दुप्पट भार. रिव्हेट हा ताण धाग्याकडून काढून घेतो आणि कापडाच्या एका छोट्या वर्तुळावर पसरवतो. डेव्हिसच्या पँटी खपू लागल्या, नक्कल होण्याची भीती वाटू लागली, तेव्हा पेटंटच्या खर्चासाठी त्याने लेव्ही स्ट्रॉसलाच पत्र लिहून भागीदारी देऊ केली. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक १३९१२१. ते पँटचं नव्हतंच मुळी. ‘खिशाची तोंडं पक्की करण्यातली सुधारणा’ अशी त्याची नोंद आहे. आज जगभर वापरली जाणारी जीन्स कागदोपत्री एका खिशाच्या कोपऱ्यापासून सुरू होते.

कामाच्या पँटचा पुढचा सगळा इतिहास असाच आहे. कुणीतरी कुरकुर करतं आणि एक टाका, एक पट्टी किंवा एक खिसा वाढतो. कधी कमीही होतो. लेव्हीच्या मागच्या खिशांवरचे रिव्हेट खोगिरांना आणि घरातल्या खुर्च्यांना ओरखडे काढायचे, म्हणून १९३७ साली ते कापडाखाली झाकले गेले आणि १९६६ साली काढूनच टाकले. त्यांच्या जागी बारटॅक आला, म्हणजे एकाच ठिकाणी दाटीवाटीने मारलेले आडवे टाके. आणखी एक रिव्हेट दोन पाय मिळतात तिथे, मधोमध असायचा. शेकोटीजवळ उकिडवं बसलेल्या माणसाला तो तापून कुठे चटका देत असेल हे सांगायला नको. कंपनीच्या अध्यक्षांनाच तो बसला आणि मग तो रिव्हेट गेला, अशी आख्यायिका कंपनीत सांगतात. खरी असो-नसो, तक्रार वरपर्यंत पोचायला ती वरच्याच माणसाला व्हावी लागते, एवढं तरी पटण्यासारखं आहे.

सुरुवातीला या पँटला मागे एकच खिसा होता. दुसरा १९०१ साली आला आणि पट्ट्याची लूपं १९२२ साली. तोवर गॅलस लावायचे किंवा मागची बकल आवळायची. पुढच्या उजव्या खिशातला चिमुकला खिसा मात्र पहिल्यापासून आहे. तो साखळीच्या घड्याळासाठी होता. घड्याळं मनगटावर गेली तरी कुणी तो काढला नाही. आपल्याकडे त्यात सुटी नाणी किंवा लोकलचं तिकीट जातं, म्हणजे वाया गेलेला नाही.

मांडीवरचा मोठा खिसा लढाईतून आला. ब्रिटिश सैन्याच्या १९३८ सालापासून वापरात आलेल्या ‘बॅटलड्रेस’च्या डाव्या मांडीवर नकाशासाठी खिसा होता आणि उजवीकडे वरच्या बाजूला मलमपट्टीच्या पुडक्यासाठी छोटा खिसा. अमेरिकेत विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने छत्रीधारी सैनिकांसाठी गणवेश आखला, तो १९४२चा. उडी मारणाऱ्याला पहिले काही तास जे लागेल ते अंगावरच न्यावं लागतं, म्हणून पँटच्या दोन्ही बाजूंना फुगीर खिसे दिले. सैनिकांनी त्यांत शिधा, दारूगोळा, हातबॉम्ब असं मावेल ते कोंबलं. छत्री उघडताना बसणारा हिसका एवढा जबर असायचा की भरलेले खिसे उसवायचे. मग नॉर्मंडीच्या स्वारीआधी छत्र्यांची देखभाल करणाऱ्या कारागिरांनी गुडघ्यांवर, कोपरांवर आणि खिशांवर जाड कॅनव्हास चढवला आणि खिसा मांडीशी आवळून बांधायला नाड्या लावल्या.

त्या नाड्या मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा भाग वाटतात. मांडीवरच्या खिशाचा खरा दोष तो फाटतो हा नाही, तो हेलकावतो हा आहे. चालताना मांडी पुढे-मागे होते, खिशातलं वजन अर्धं पाऊल उशिरा तिच्या मागून येतं आणि गुडघ्याच्या वर आपटत राहतं. आज दुकानांत टांगलेल्या कार्गो पँटींपैकी बहुतेकींचे खिसे नुसते शोभेचे असतात: खाली उतरलेले, ढगळ, वर भलीमोठी झाकणं. त्यांत मोबाइल टाका आणि दादरच्या पुलाचा जिना चढून पाहा. उपयोगाचा खिसा मांडीच्या वरच्या अर्ध्या भागात, मांडीला लागून आणि वस्तूच्या मापाचा असतो. दुचाकीवर बसल्यावर त्याचं तोंड वरच्या बाजूला राहतं, वस्तू घरंगळत नाही.

पुढची तक्रार कातळावरची आहे. रॉयल रॉबिन्स हा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचा नामांकित प्रस्तरारोहक. हाफ डोमची वायव्य भिंत पहिल्यांदा चढणाऱ्या १९५७च्या तिघांतला एक. पत्नी लिझसोबत त्याने १९६८ साली मोडेस्टो गावात व्यवसाय सुरू केला. त्यांच्या जाड सुती कॅनव्हासच्या एका पँटला चढाईच्या अवघडपणाच्या श्रेणीवरून ‘५.११’ हे नाव मिळालं. गुडघ्यावर आणि बुडावर दुहेरी कापड, मागचे खिसे तिरप्या तोंडाचे, कमरेला अडकवाअडकवीसाठी पट्टी. ही पँट १९९०च्या दशकात क्वांटिको इथल्या एफबीआयच्या प्रशिक्षण अकादमीत रुजली. तिथून पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी असा तिचा प्रवास झाला आणि २००३ साली तिच्या नावाची स्वतंत्र कंपनीच उभी राहिली. चढाई करणारा आणि बंदूकधारी यांच्या गरजांत फरक आहे असं वरवर वाटतं. पण दोघांनाही पाय उंच उचलायचा असतो, गुडघा टेकायचा असतो आणि न बघता खिशात हात घालायचा असतो. घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरणाऱ्यालाही हेच हवं असतं.

पाय उंच उचलण्यावरून एक शिवणकामाची गोष्ट. साध्या पँटमध्ये चार शिवणी एकाच बिंदूत, दोन पायांच्या मध्ये, येऊन मिळतात. उकिडवं बसलं की सगळा ताण त्या बिंदूवर. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा जोडला तर शिवणी एकमेकींपासून दूर जातात, ताण वाटला जातो आणि पाय मोकळा होतो. योसेमिटीच्याच माइक ग्रॅहमने १९८०च्या दशकात ‘ग्रामिची’ या आपल्या ब्रँडच्या पँटमध्ये तो आणला आणि प्रस्तरारोहकांनी तो डोक्यावर घेतला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कुडत्याच्या काखेत चौबगला असतो तो याच कामासाठी, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या पायजम्यांतही असा जोड पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत. पँट साहेबाची, खुर्चीवर बसणाऱ्याची. तिच्यात तो राहून गेला.

दुकानातल्या आरशासमोर ताठ उभं राहून पँट निवडणं हा म्हणूनच सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे. ट्रायल रूममध्ये उकिडवं बसावं. एक पाय स्टुलावर ठेवून पुढे वाकावं. बसल्यावर कमरपट्टी मागून खाली सरकली तर मागची उंची कमी आहे. मोठं माप घेऊन हे सुधारत नाही, पँट बदलावी लागते. मोबाइल, किल्ल्या, पाकीट जिथे ठेवायची सवय आहे तिथेच ठेवून बसावं. मोबाइल आता बोटभर कमी वीतभर लांब असतो आणि त्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जातं. बसल्यावर तो जांघेत टोचत असेल तर खिसा उथळ आहे किंवा फार मध्ये आहे. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून दिवसभर बसण्याचं दुखणं तर वैद्यकीय नियतकालिकात जाऊन बसलं आहे: क्रेडिट कार्डांनी फुगलेल्या पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकावर अमेरिकेच्या ‘जामा’मध्ये १९७८ साली टिपण आलं होतं. रिक्षा आणि टॅक्सी चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मग पँट उलटी करावी. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, खरी परीक्षा आतून होते. खिशाची पिशवी कसल्या कापडाची आहे? पातळ पॉपलिनची असेल तर किल्ल्या वर्षाच्या आत तिला भोक पाडतील. घट्ट विणीचं ड्रिल असेल तर पँट जाईल पण खिसा जाणार नाही. कोपऱ्यांवर बारटॅक आहेत का, आतल्या शिवणी दुहेरी आहेत का, हेही तिथेच दिसतं.

कापडाचा निर्णय काम आणि हवा मिळून करतात. जाड डेनिम कोकणातल्या पावसात एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या मांड्या सोलवटतात. मुंबई-ठाण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज प्रवास करणाऱ्याला पॉलिस्टर-कॉटनची हलकी ट्विल बरी. अमेरिकेत डिकीजची ‘८७४’ ही १९६७ सालापासून चालत आलेली कामाची पँट याच मिश्रणाची, ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कॉटन. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करणाऱ्याने मात्र पॉलिस्टरच्या वाटेला जाऊ नये. ठिणगीने सुती कापडाला भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. त्याच्या पँटला खाली दुमडही नसावी, ठिणग्या नेमक्या तिथे जाऊन बसतात. थोडं स्ट्रेच, म्हणजे एक-दोन टक्के इलास्टेन, बसाऊठीला खरंच मदत करतं. पण कडक इस्त्री आणि ब्लीच त्याला मारतात, आणि ते मेलं की गुडघे फुगतात ते फुगतातच.

खिशांच्या बाबतीत सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी ऐकली गेलेली तक्रार स्त्रियांची आहे. ‘द पुडिंग’ या अमेरिकी प्रकाशनाने २०१८ साली २० ब्रँडांच्या ८० जीन्स मोजल्या. स्त्रियांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या मानाने सरासरी ४८ टक्के आखूड आणि ६.५ टक्के अरुंद निघाले. नऊवारीला खिसा नव्हता, पण कनवटीला पैसे बसायचे, कमरेला बटवा असायचा. पँट आली, कनवट गेली आणि तिच्या जागी मिळाला तो बोटं जेमतेम आत जातील एवढा कापडाचा कोनाडा. बांधकामावरच्या इंजिनिअर, कुरिअर पोचवणाऱ्या, वनरक्षक अशा किती जणी आज पुरुषांच्या विभागातून पँट घेऊन कमरेत आवळून घेतात, ते त्यांनाच विचारावं.

यावर इलाज आपल्याकडे अजून गल्लीत मिळतो. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरात जीन्सचा मोठा धंदा आहे. तिथल्या धुलाईच्या रंगीत पाण्याने वालधुनी नदीचं काय केलं तो वेगळ्या लेखाचा विषय. सोलापूर गणवेशांसाठी ओळखलं जातं. पण तयार माल घेतला तरी तो नाक्यावरच्या शिंप्याकडे न्यायची सोय आहे आणि ती आपण फार कमी वापरतो. लांबी कमी करण्यापलीकडे आपण त्याला काही सांगतच नाही.

त्याला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. पुढच्या खिशाची पिशवी उसवून चार बोटं खोल करा, कापड ड्रिलचं लावा. कमरपट्टीच्या आत चोरखिसा द्या, आठला लोकल पकडणाऱ्याला त्याचं मोल कळतं. मागच्या खिशाच्या कोपऱ्यांवर उलटसुलट मशीन मारा. गुडघ्याला आतून अस्तर द्या. बारटॅकचं मशीन त्याच्याकडे नसेल, साध्या मशीनवर झिगझॅग नाहीतर मागे-पुढे सात-आठ फेऱ्या घातल्या तरी चालतं. स्त्रियांच्या जीन्सचा खिसा खोल करायला तो आधी कां-कू करतो, बाहेरून फुगवटा दिसेल म्हणतो. दिसतो थोडा. खिशात मोबाइल ठेवून दाखवला आणि तो पडतो कसा हेही दाखवलं की तो टेप खांद्यावरून काढतो आणि विचारतो, किती खोल करू?