थंडीने उचललेला पाया
मिनेसोटात मूळ घर ढिम्म असतं, पण मागे वाढवलेल्या खोलीचं दार जानेवारीत अडकतं आणि एप्रिलमध्ये आपसूक सुटतं. दोष दाराचा नाही. तिथल्या नियमानुसार पाया दक्षिणेत ४२, उत्तरेत ६० इंच खोल हवा. अशा खोलीचा बहुधा उथळ निघतो. खालच्या ओल्या मातीत बर्फाचे थर धरतात आणि पाया वर उचलतात. भेगा लिंपून उपयोग नाही, आधी पाणी तोडा: पन्हळीचा पाइप लांब न्या, भिंतीपासून १० फुटांत ६ इंच उतार द्या. मग कडेने जमिनीत फोमचे जाड तक्ते आडवे पुरा. हे स्वस्तातलं. पाया मोडलाच असेल, तर स्क्रूसारखे पोलादी खांब गोठणाऱ्या थराखाली उतरवावे लागतात. तिथे इंजिनिअरची फी वाचवू नका.