ब्रेटन वुड्सचे हॉटेल

अर्थशास्त्राच्या तासाला 'ब्रेटन वुड्स' हे नाव आपण इतक्या वेळा ऐकतो, की ब्रेटन आणि वुड्स हे दोन अर्थतज्ज्ञ असावेत अशी एखाद्या परीक्षार्थीची समजूत झाली तर नवल नाही! वस्तुतः अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात, माउंट वॉशिंग्टन या १,९१७ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी वसलेले ते एक थंड हवेचे ठिकाण आहे. तेथील माउंट वॉशिंग्टन हॉटेल हीच त्याची खरी ओळख.

कोळशाच्या आणि रेल्वेच्या व्यवहारात गब्बर झालेल्या जोसेफ स्टिकनी यांनी ते बांधविले. त्यासाठी सुमारे अडीचशे इटालियन कारागीर राबले. १९०२ च्या जुलैत हॉटेल सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी स्टिकनी वारले. शहरांतली श्रीमंत कुटुंबे आगगाडीने येत आणि उन्हाळा तेथे काढीत. पुढे मोटारी आल्या, मंदी आली, तो थाट ओसरला. महायुद्धात १९४२ साली तर हॉटेलला कुलूपच लागले.

ते पुन्हा उघडले १९४४ मध्ये, एका परिषदेसाठी. ब्रिटनचे केन्स यांची प्रकृती तोळामासा. वॉशिंग्टन शहरातला जुलैचा उकाडा त्यांना नको होता. शिवाय न्यू हॅम्पशरचे सिनेटर टोबी हे रिपब्लिकन पक्षाचे. त्यांच्या राज्याला मान दिला, की त्यांचा विरोध मावळेल असाही हिशेब होता. (थंड हवेलाही राजकारण असते ते असे.) घाईघाईने डागडुजी झाली आणि १ ते २२ जुलै या काळात ४४ राष्ट्रांचे सुमारे ७३० प्रतिनिधी तेथे जमले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या दोन्ही संस्थांचा पाया तेथेच घातला गेला.

या गर्दीत पारतंत्र्यातील भारताचेही शिष्टमंडळ होते. प्रमुख होते सर जेरेमी रेझमन. पण सोबत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रायगड परिसरातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, तसेच षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. युद्धासाठी भारताने माल पुरविला. त्याची किंमत लंडनच्या खात्यावर स्टर्लिंगमध्ये साचत राहिली. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर गेली. इकडे बंगालने १९४३ चा दुष्काळ भोगला होता. खात्यावर पैसा आहे, पण तो हवा तेथे खर्चता येत नाही! या शिलकेपैकी निदान काही भाग इतर चलनांत बदलून मिळण्याची सोय नाणेनिधीने करावी, ही भारताची मागणी. ब्रिटनने ती मानली नाही. हा प्रश्न आम्ही धनको देशांशी थेट सोडवू, असे केन्स यांनी सांगितले.

वर्गणीच्या वाट्यात भारताला ४० कोटी डॉलर मिळाले. चीनला ५५ कोटी. चीनच्या बरोबरीचा आग्रह फळला नाही. मात्र रशिया निधीत सामील झालाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत आला आणि त्याला संचालक मंडळावर स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मिळाला. परिषदेत न मिळालेले असे अनपेक्षितपणे मिळाले.

हॉटेलला १९८६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात मात्र ते बंदच राही. बाराही महिने उघडे राहू लागले ते १९९९ पासून. ज्या दालनात करारावर सह्या झाल्या ते 'गोल्ड रूम' पाहुण्यांना आजही दाखविले जाते.