कुलूप अर्ध्यावर राहिलें तर

पूर्वीं जीं कागदपत्रें लोखंडी पेटींत असत, तीं आज तळहाताएवढ्या डिस्कमध्यें मावतात. नागपूरच्या पूर्व भागांत नंदनवनसारख्या वस्तींत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाच्या अशा डिस्कमध्यें घराच्या खरेदीखताची प्रत, मुलांचीं प्रमाणपत्रें, लग्नाचीं छायाचित्रें आणि कदाचित् आजोबांच्या आवाजाचें एखादें ध्वनिमुद्रण असतें. ही डिस्क चोरीस गेली तर घरची खासगी माहिती परक्याच्या हातीं पडेल, या भीतीनें तिला कुलूप लावण्याचा विचार सुचतो. विचार योग्यच आहे. पण काम चालूं असतां वीज जाते, जोडतार निसटते, किंवा भलतेंच बटण दाबलें जातें. आणि मग डिस्क चोराप्रमाणें धन्यासहि उघडेनाशी होते. अशा वेळीं काय करावें, हें कळण्यासाठीं हें कुलूप मुळांत काय आहे तें समजून घेतलें पाहिजे.

याला कुलूप म्हणण्याची रूढि आहे, तरी वस्तुतः तें गुप्तलेखन होय. दार बंद होऊन आंतील वस्तु जशाच्या तशा राहतात, असें येथें होत नाहीं. डिस्कवरील प्रत्येक खूण बदलून तेथें दुसरी लिहिली जाते. यासाठीं बहुधा एईएस नांवाची पद्धति वापरतात. अमेरिकेच्या मानक संस्थेनें ती २००१ मध्यें प्रमाण ठरविली. तिची किल्ली २५६ बिटांची असेल, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ आंकडी होते. एकेक लावून पाहण्याची आशा जगांतील सर्व संगणकांनीं मिळूनहि धरूं नये. शिवाय आपण योजलेला पासवर्ड ही ती किल्ली नव्हेच. खरी किल्ली संगणक स्वतः बनवितो आणि पासवर्डाच्या आवरणांत डिस्कच्याच एका लहानशा भागांत ठेवतो. या भागास हेडर म्हणतात. तो बिघडला, तर पासवर्ड तोंडपाठ असूनहि डिस्क उघडत नाहीं.

फसलेल्या प्रयत्नानंतर पहिला नियम असा, कीं त्या डिस्कवर एक अक्षरहि नवें लिहूं नये. संगणक पुष्कळदां ‘डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न विचारतो. त्याला नकारच द्यावा. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा, परंतु घाईंत हटकून विसरला जाणारा आहे. बिघडली ती बॅकअपची डिस्क. म्हणजे मूळ फाइली संगणकांत अद्याप असण्याचा संभव आहे. त्या असल्यास प्रथम त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घ्यावी. तेवढ्यानें अर्धें संकट टळतें.

मूळ उरलें नसेल, तर मात्र धीरानें घ्यावें लागतें. दुसऱ्या मोठ्या डिस्कवर बिघडलेल्या डिस्कची, रिकाम्या जागेसह, हुबेहूब प्रतिमा उतरवून ठेवावी, म्हणजे पुढची चूक प्राणघातक ठरत नाहीं. काम मध्येंच थांबलें असेल, तर तीच डिस्क त्याच संगणकास जोडून पाहावी. बिटलॉकर आणि व्हेराक्रिप्ट या दोहोंमध्यें थांबलेलें काम पुढें नेण्याची सोय आहे. बिटलॉकरची ४८ अंकी पुनःप्राप्ति-किल्ली कागदावर, एखाद्या फाइलींत किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत ठेवलेली सांपडूं शकते. व्हेराक्रिप्ट हेडरची दुसरी प्रत बहुधा आपल्या कोशाच्या शेवटीं ठेवतो. पहिली नासली तर ती उपयोगी पडते. घाईंत डिस्क केवळ वरवर फॉरमॅट झाली असेल आणि ती जुन्या धर्तीची, चुंबकीय तबकडीची असेल, तर फोटोरेकसारखी प्रणाली जुन्या फाइली शोधून काढूं शकते. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्यें मात्र मोकळी झालेली जागा आपोआप पुसली जाण्याचा संभव असल्यामुळें तितकी आशा नसते. आणि सर्व जागेवर गुप्तलेखन पुरें होऊन किल्लीच हरवली असेल, तर निष्णात दुरुस्तीकारहि हतबल होतो. तो यंत्र दुरुस्त करील. किल्ली निर्माण करूं शकणार नाहीं.

मग असें साहित्य कायमचें गेलें काय? या प्रश्नाचें उत्तर देणारें एक जुनें उदाहरण विदर्भाच्याच इतिहासांत आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नष्ट झाली, असें महानुभाव परंपरा सांगते. तेव्हां शिष्यांनीं स्मरणानें ग्रंथ पुन्हां जुळविला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. त्यानंतर पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. अक्षराच्या जागीं भलतीच खूण लिहिण्याची ही युक्ति म्हणजे त्या काळचें गुप्तलेखनच. पण तिची किल्ली एकाच माणसापाशीं नव्हती. ती गुरुशिष्यांच्या परंपरेनें अनेक मठांत जिवंत राहिली, आणि पोथ्यांच्या प्रतीहि थेट पंजाबपर्यंत पोंचल्या. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे व वि. ल. भावे या संशोधकांच्या काळांत हें भांडार अभ्यासकांस खुलें होऊं शकलें. ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून नागपुरांत ‘लीळाचरित्र’ छापण्यास प्रारंभ केला, आणि नागपूरचेच वि. भि. कोलते यांनीं संपादिलेली आवृत्ति १९७८ मध्यें प्रसिद्ध झाली.

यांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध सरळ आहे. कुलूप चोरापासून रक्षण करतें, नाशापासून नव्हे. नाशापासून रक्षण करते ती दुसरी प्रत. म्हणून आधीं दोन प्रती कराव्या, मग एकीसच कुलूप लावावें, तें स्वतः उघडून आंतील चार फाइली वाचून पाहाव्या, आणि त्यानंतरच दुसरीस हात लावावा. किल्ली कागदावर लिहून डिस्कपासून दूर, शक्य तर दुसऱ्या घरीं, ठेवावी. ती कोठें आहे हें घरांतील आणखी एका माणसास ठाऊक असावें. कारण कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री अचानक गेली, तर किल्लीहि तिच्यासंगें जाते, आणि आजोबांचा आवाज डिस्कमध्यें असूनहि नातवंडांच्या कानीं पडत नाहीं.