शेवटच्या पाण्यातला शिरका

भिवंडीनजीकच्या राहनाळसारख्या गावात, जिथे मालाच्या गोदामांच्या रांगा पसरल्या आहेत आणि शेजारच्या शहरातून यंत्रमागांचा खडखडाट उठतो, तिथे धुणे हे काही हलके काम नव्हे. कारण मागावरच्या कारागिराच्या सदऱ्याला वंगणाचे डाग असतात आणि हमालाच्या बनियनात घाम व धूळ एकजीव झालेली असते. असे कपडे शिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने, स्वच्छ होतात, ही शिफारस हल्ली सर्रास ऐकू येते; तिचा खुलासा करणे अगत्याचे आहे.

शिरक्यात शेकडा 4 ते 5 ॲसिटिक आम्ल असते, बाकी बहुतांशी पाणी. वंगण आणि घामातील स्निग्धांश सुटतो तो साबण व सोडा यांसारख्या अल्कधर्मी जिनसांनी. आम्ल त्यांच्या नेमके विरुद्ध वागते. सबब साबणाच्या पाण्यातच शिरका ओतला, तर दोन्ही जिन्नस वाया जातात.

त्याची खरी योग्यता शेवटच्या खळबळणीत आहे. विंधनविहिरीचे पाणी दुष्फेन असेल, तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका धाग्यांत अडकतो, सोड्याच्या योगाने चुनखडीचे सूक्ष्म कण बसतात, आणि काही महिन्यांत टॉवेल खरखरीत व पांढरा सदरा करडा होतो. नळाच्या तोटीवर साचलेल्या पांढऱ्या खपलीवर शिरक्याचा थेंब टाकून पाहावा: बारीक बुडबुडे उठतात, ते कार्बन डायऑक्साइडचे, आणि खपली हळूहळू विरघळते. कपड्यातही हेच घडते. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरा शिरका पुरे. आम्ल बाष्पनशील असल्याने कपडा वाळला की वासही उरत नाही. रंगाईच्या कारखान्यांतही सुती कापड सोड्याच्या पाण्यात रंगवल्यावर उरलेला अल्क मारण्यासाठी ॲसिटिक आम्लच वापरतात. मात्र सुती कपड्याचा सुटणारा रंग शिरक्याने पक्का होतो, ही समजूत निराधार आहे. यंत्रात धुणाऱ्यांनीही तो रोज वापरू नये, आतल्या रबराला तो कालांतराने बाधतो.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करण्याचे द्रव ब्लीच ज्या बादलीत आहे, तीत शिरका कदापि घालू नये. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, तोच वायू जो 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जममधील ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून सोडला गेला. बंद न्हाणीघरात त्याची अल्प मात्राही फुफ्फुसांना घातक ठरते. तेव्हा या दोन बाटल्या एका फळीवरसुद्धा ठेवू नका.