आधी बूट बघा

सकाळी साडेआठ. शटर वर जाण्याआधीच दारात ऑल्टो उभी. गिऱ्हाईक किल्ली हातावर ठेवून कंपनीच्या बसकडे पळतं. "भाऊ, वळताना कटकट करतीये, बघून ठेवा!" शेंद्र्याच्या एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात, जालना रोडवरच्या आमच्या शेडमध्ये मात्र कामगारांच्या जुन्या ऑल्टो येतात.

नऊ. मोकळ्या प्लॉटवर स्टेअरिंग पूर्ण कापून सावकाश गोल फेऱ्या. डावीकडे वळवली की उजव्या चाकातून कट-कट-कट, सरळ केली की गप्प. म्हणजे उजवा बाहेरचा सीव्ही जॉइंट, एक्सलचा चाकाकडचा सांधा. रेस दिल्यावर सरळ रस्त्यावरही थरथरली असती तर संशय आतल्या जॉइंटवर गेला असता, आणि वळण असो-नसो नुसती घूं घूं असती तर बेअरिंगवर. गाडी जॅकवर घेतली. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फवारे, रबरी बूट घडीत चिरलेला. ग्रीस बाहेर, धूळ आत. चीर पडली तेव्हाच आला असता तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. आता अख्खा जॉइंट. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

अकरा. टेम्पोतून इंजिनिअरिंगच्या पोरांची एटीव्ही उतरते. पिथमपूरला २००७ साली सुरू झालेल्या 'बाजा' स्पर्धेसाठी त्यांनी स्वतः बांधलेली. एक्सल मारुती ८०० चे, कापून आखूड केलेले. "मामा, उडी मारली आणि आतला जॉइंट निसटला." बाहेरचा सहा गोळ्यांचा सांधा रझेप्पानं १९२६ साली शोधला हे पोरांना पाठ आहे, पण चाक लोंबकळल्यावर शाफ्ट किती बाहेर येतो हे कुणी मोजलेलं नाही.

मग तेच मोजत बसलो. स्प्रिंग काढून चाक पार खाली सोडलं, मग जॅकनं पार वर नेलं. खाली सोडल्यावर आतल्या जॉइंटचे रोलर कपाच्या ओठावर आलेले. शाफ्ट आखूड पडलाय. कोनही जास्त. बाहेरचा जॉइंट पंचेचाळीस अंशांपर्यंत निभावतो, आतला पंचविशीच्या आसपासच दम टाकतो, आणि यांनी गिअरबॉक्स हौसेनं उंच बसवलाय. नवा शाफ्ट लांब करा आणि सस्पेन्शनला खाली पट्टा बांधा, म्हणजे चाक ठरल्याहून जास्त लोंबणार नाही.

बाहेरच्या जॉइंटचा बूटही फाटलेला, म्हणून तोही उघडला. केजला आणि आतल्या रेसला आधी खूण, मग एकेक गोळी काढायची. रॉकेलनं धुऊन उन्हात धरली तर एका गोळीवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे. नखाला लागतात. टेस्टिंग कुठं केलं विचारलं, तर वेचणी झालेल्या कपाशीच्या रानात. पऱ्हाटीचे खुंट भाल्यासारखे उभे, बूट फाटणार नाही तर काय? ए-आर्मवर पत्र्याचा आडोसा लावायला सांगितलं.

दोनला डबा.

अडीच. माझा पोरगा बेअरिंगच्या पिवळ्या ग्रीसचा डबा घेऊन आला, परत पाठवला. इथं मॉलिब्डेनमचं काळंच लागतं. आधी हवा मारून रॉकेलचा शेवटचा थेंब सुकवायचा. बुटाचा ओठ स्क्रूड्रायव्हरनं उचलून आतली हवा सोडायची, मगच स्टीलचा क्लॅम्प आवळायचा. प्लॅस्टिकची टाय दोन दिवस टिकते.

साडेचार. पोरं गाडी भरतात. चाक चिखलात फिरत असताना रेस दाबून धरायची नाही, कारण पकड आली की सगळा झटका जॉइंटवर जातो. धुताना प्रेशरचा फवारा क्लॅम्पच्या कडेवर मारायचा नाही. दर फेरीनंतर चारही बूट हातानं चाचपायचे. पोरं मान डोलावतात, ध्यान टायरकडे.

साडेसहा. ऑल्टोवाला येतो. जुना जॉइंट दाखवला, नवा लावलेला सांगितला. "डावा चांगला आहे ना?" त्यालाच खाली वाकवलं, बुटाची घडी अंगठ्यानं फाकवायला लावली. आत बारीक भेगा. "आवाज तर नाही येत," तो म्हणाला. मग पाकीट चाचपून, "टाका मग तोही." पोराला स्कूटरवर चिकलठाण्याच्या स्पेअरच्या दुकानी पिटाळलं. आठला बंद होतं ते.