बेडूक कधीं पाहावे ?

मृगाची पहिली सर कोसळून गेली कीं त्याच रात्रीं बांधावरून, डबक्यांतून व विहिरींच्या कांठावरून एकच गजर ऐकूं येतो. काल जेथें सारें निःशब्द होतें, तेथें आज हजारों कंठ फुटलेले असतात. हा चमत्कार प्राचीन काळापासून माणसास मोहवीत आला आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत एक संपूर्ण सूक्त मंडूकांचें असून त्यांत त्यांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशीं केली आहे. आमच्या पंचांगांतहि पर्जन्यनक्षत्राचें वाहन बेडूक असलें म्हणजे शेतकरी समाधान मानतो. मग हे प्राणी एरवीं असतात तरी कोठें ?

बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असते. तो तोंडानें पाणी पीत नाहीं, त्वचेवाटेच शोषून घेतो. श्वासोच्छ्वासाचें कांहीं कार्यहि तिच्यावाटेच चालतें. ती सुकली कीं प्राणाशीं गांठ. शिवाय त्याच्या अंड्यांस पक्ष्यांच्या अंड्यांसारखें कठीण कवच नसतें. म्हणून हवेंत ओलावा व भूमीवर पाणी आहे तोंच बाहेर यावें आणि प्रजोत्पादन उरकावें, हें त्यास भाग पडतें. कोरडा काळ पुष्कळ जाति जमिनीखालीं किंवा दगडांच्या फटींत निपचित पडून काढतात.

निरीक्षकाच्या दृष्टीनें वर्षाकालाचे तीन भाग पडतात. पहिला जूनच्या आरंभींचा, व तोच सर्वांत अल्प. एरवीं हिरवट-तपकिरी दिसणारा शेतांतील मोठा बेडूक या वेळीं ओळखूंहि येत नाहीं. नराचें अंग हळदीसारखें पिवळें होतें व गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. हा थाट थोडेच दिवस टिकतो. आंबोलीच्या कातळसड्यावरील एक लहानसा भेक तर २००९ सालापर्यंत शास्त्रज्ञांस स्वतंत्र जाति म्हणून ठाऊकच नव्हता. पहिल्या सरींनंतर त्याची मादी सड्यावरील उथळ डबक्यांत अंडीं घालते. मध्येंच पावसानें दडी मारली तर डबकें आटतें आणि सारी पिलें त्यांत नष्ट होतात.

दुसरा भाग जुलै-ऑगस्टचा. सह्याद्रीच्या दाट रानांत हिरव्यागार अंगाचा व बोटांमध्यें तांबडे पडदे असलेला बेडूक या दिवसांत दिसतो. उंच फांदीवरून उडी घेतांना ते पडदे पसरून तो तरंगत खालीं येतो. पाण्यावर झुकलेल्या पानांवर ही जाति फेंसाचें घरटें करते. पिलें त्यांतून थेंबांसारखीं पाण्यांत पडतात. कांहीं चिमुकल्या जातींत तर शेपटीच्या पिलांची अवस्थाच नाहीं. अंड्यांतून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो.

तिसरा भाग भाद्रपद-आश्विनाचा. गजर ओसरतो, परंतु डबक्यांच्या कांठीं नखाएवढे नवे बेडूक उड्या मारूं लागतात. पुढें हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत बारमाही ओढे व विहिरीच धुंडाळाव्या लागतात. न्हाणीघराच्या भिंतीस चिकटलेला बेडूक मात्र ऐन वैशाखांतहि भेटतो; ओलाव्याच्या आशेनें तो घरांत शिरलेला असतो.

दिव्याखालीं किडे टिपीत बसणारा खडबडीत अंगाचा प्राणी तो भेक. बेडूक लांब उड्या मारतो, भेक आखूड. बेडकाचीं अंडीं बहुधा पुंजक्यांत असतात, भेकाचीं लांब माळेसारखीं. भेकास शिवल्यानें चामखीळ उठते ही समजूत खोटी आहे. तथापि त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींचा रस झोंबणारा असतो, म्हणून हात न लावणेंच बरें.

पाहावयास जाणें तें पाऊस पडून गेल्यावर, दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत, वडील माणसाबरोबर व पायांत बूट घालून. कारण सापहि त्याच भक्ष्यासाठीं निघालेले असतात. पावलांची चाहूल लागतांच गजर थांबतो. तेथेंच स्तब्ध उभे राहिल्यास तो पुन्हां सुरू होतो, आणि मग दिवा लावावा.

परंतु ज्या रात्रीं बेडूक सर्वांत सहज दिसतो, त्याच रात्रीं तो सर्वांत सहज मारलाहि जातो. पिवळा नर आपल्या गाण्यांत इतका रंगलेला असतो कीं उजेड पाडून हातानें उचलावा. बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार भारतानें १९८७ सालीं बंद केला. तरीहि गोव्यांत व कोंकणांत मांसासाठीं चोरटी शिकार चालतेच. घाटांतील रस्त्यांवर कित्येक बेडूक चाकांखालीं जातात तेहि याच दिवसांत. एक मोठी मादी एका वेळीं हजारों अंडीं घालते. ती जूनमध्यें मारली गेली म्हणजे तीं सर्व अंडींहि गेलीं, आणि भातावरील किडे टिपणारे तितके सोबतीहि गेले.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, येत्या मृगांत एक वही करा. पहिला आवाज कोणत्या तारखेस व कोणत्या डबक्यांतून ऐकला, तें तींत लिहा. पुढील वर्षीं तेथेंच उभे राहून पुन्हां कान द्या. आवाज वाढला कीं घटला, हें तुमच्या गांवांत तुमच्यावांचून दुसरें कोण सांगणार ?